दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेले आमचे मोठे बाबा : घरातल्या आठवणींची जुळणी कशी करावी?

पांझराकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचे मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात, पांझरा तापीला मिळते त्याच्या थोडे अलीकडे आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, ज्यांना घरात सगळे मोठे बाबा म्हणतात, ते १९४१ च्या सुमारास सैन्यात भरती झाले आणि परत आले नाहीत. त्याआधी ते आग्रा रोडवर धुळे ते शिरपूर चालणाऱ्या खासगी सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते, पुढे गाडी चालवायला शिकले आणि त्याच हुन्नरावर पलटणीत ड्रायव्हर म्हणून गेले, इतके सर्वांना मान्य आहे. यापुढची प्रत्येक गोष्ट मात्र सांगणाऱ्यागणिक बदलते.

माझी मोठी आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. ती म्हणते की ते सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडले. धाकटे काका ठामपणे सांगतात की ते नेताजींच्या आझाद हिंद सेनेत गेले आणि इंफाळच्या बाजूला पडले. माझ्या वडिलांनी त्यांच्या आईकडून ऐकलेली हकीगत तिसरीच आहे : ब्रह्मदेशात रस्त्यावर गाडीवर बॉम्ब पडला आणि कोणीच उरले नाही. तिघेही खोटे बोलणारे नाहीत आणि तिघांनीही हे लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकलेले आहे.

घरात त्यांच्या दोन वस्तू आहेत. एक गोल, चांदीसारखे दिसणारे पदक, त्यावर एका बाजूला सिंह आहे. दुसरे सहा टोकांचे, पितळेच्या रंगाचे, ज्याची फीत केव्हाच गेली आहे. दोन्ही कित्येक वर्षे देवघरात होती आणि दर दिवाळीला इतर भांड्यांबरोबर राखेने घासली जात असत. फोटो एकही नाही.

फोटो नसण्यामागे एक कारण आहे, ते लिहिले पाहिजे. माझे आजोबा १९४२ च्या चळवळीत होते आणि धुळ्याच्या तुरुंगात काही महिने काढून आले. त्यांना १९७२ साली ताम्रपट मिळाला, तो बैठकीत लावलेला आहे. एक भाऊ इंग्रजांच्या फौजेत आणि दुसरा इंग्रजांच्या तुरुंगात, हे एकाच घरात, जवळजवळ एकाच वर्षी घडले. आजोबांनी थोरल्या भावाबद्दल वाईट शब्द कधी काढला नाही, पण चांगलाही काढला नाही, आणि त्यांच्या त्या मौनामुळे पुढच्या पिढीला विचारण्याची सोयच राहिली नाही.

सगळ्यात अवघड भाग मोठ्या बाबांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या मोठ्या मायचा आहे. तिने शेवटपर्यंत कुंकू लावले. तिला दर महिन्याला टपालाने पैसे येत, त्यांना ती ‘त्यांचा पगार’ म्हणत असे आणि अंगठा उठवून घेत असे. ती असेपर्यंत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोठ्या बाबांच्या नावाने घागर भरायचे धाडस कोणी केले नाही, कारण घागर भरणे म्हणजे माणूस गेला असे मान्य करणे. ती गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली. आता आत्या म्हणते की माझ्या डोळ्यांदेखत या माणसाला पाणी मिळू दे, पण ते कुठे आणि केव्हा गेले ते मला आधी सांग.

माझे विचारणे असे की, या तीन आठवणींपैकी खरी कोणती हे ठरवण्याचा काही मार्ग आहे का, आणि ज्या खऱ्या ठरणार नाहीत त्यांचे लिहून ठेवताना काय करावे?

गिरणाकाठ

पांझराकाठ, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्या देवघरातच असण्याची शक्यता आहे. कृपा करून आजपासून ती पदके राख, चिंच, पितांबरी अशा कशानेही घासू देऊ नका.

सिंहाचे पदक म्हणजे १९३९-४५ चे वॉर मेडल. त्यातला सिंह दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असतो. हे पदक त्या काळात पूर्णवेळ सेवेत असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मिळाले, त्यामुळे त्याच्या आकृतीवरून फारसे काही कळणार नाही. पण भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर नाव घालण्याची पद्धत होती, जी खुद्द ब्रिटिश सैनिकांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांबाबत पाळली गेली नाही. गोल पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे दाते असतात तिथे, आणि ताऱ्याच्या पाठीमागे, सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण किंवा खाते बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेले असते. तिरप्या उजेडात धरून, मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो घेतल्यास झिजलेली अक्षरेही बरीच उमटतात.

ताऱ्याचे महत्त्व त्याहून जास्त आहे. सहा टोकांच्या ताऱ्याच्या मध्यभागी राजमुकुट असतो आणि त्याभोवती कोणत्या आघाडीचा तारा आहे ते लिहिलेले असते. मलाया आणि सिंगापूर येथे ८ डिसेंबर १९४१ पासून १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडेपर्यंत जे लढले त्यांना पॅसिफिक स्टार मिळाला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असलेल्यांना बर्मा स्टार मिळाला, आणि हे दोन्ही तारे एकाच माणसाला देत नसत. म्हणजे आत्यांचे सिंगापूर की वडिलांचा ब्रह्मदेश, याचा निकाल त्या एका ओळीत लागू शकतो. मात्र ‘१९३९-४५ स्टार’ नावाचा आणखी एक सर्वसाधारण तारा असतो. तुमच्याकडे तोच उरला असेल आणि आघाडीचा तारा गहाळ झाला असेल तर हा मार्ग बंद होईल. घरात आणखी एखादा तारा कोणाच्या पेटीत आहे का ते जरूर पाहा, कारण मूळ संच तीन पदकांचा असावा.

मोटार ड्रायव्हर होते म्हणता, तर खाते बहुधा रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर असेल. पदकावर त्याची इंग्रजी आद्याक्षरे सापडतील. स्वातंत्र्यानंतर हेच आपले आर्मी सर्व्हिस कोअर झाले आणि त्याचे केंद्र बंगळुरूला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्री असती तर बेळगाव, बॉम्बे सॅपर्स असते तर खडकी, आणि १९४१ मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंट असती तर आता सागर, असा पत्रव्यवहार करावा लागला असता.

युद्धात मरण पावलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ठेवते आणि ती संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोधता येते. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत मृत्यू पावलेले त्यात येतात. परत आलेले सैनिक त्यात नसतात. शोधताना आडनावावर विसंबू नका. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे नाव लिहिले आहे, अनेकदा आडनाव वगळून नुसते नाव आणि वडिलांचे नाव. त्यापेक्षा ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गावाचे किंवा जिल्ह्याचे नाव टाकून पाहा. जिल्हा म्हणून धुळे टाकून काही हाती लागणार नाही. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले होते आणि तुमचा तालुका त्या काळी पश्चिम खानदेशात होता. नंदुरबारच्या मंडळींनीही हेच लक्षात ठेवावे, कारण त्यांचा जिल्हा १९९८ चा. खानदेश हा शब्दही दोन-तीन स्पेलिंगांनी शोधावा लागतो.

चाळीसगावचा नातू

वरच्या माहितीला जोड म्हणून आमच्या घरचा अनुभव लिहितो, कारण घरातली आठवण चुकते तेव्हा ती उगाच चुकत नाही, असे मला त्यातून दिसले.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते. घरात आम्ही सगळे लहानपणापासून सांगत आलो की आजोबा दोन वर्षे ‘जर्मनीच्या कैदेत’ होते. पण स्वतः आजोबा जे वर्णन करत त्यात डोंगर, बर्फ, मेंढपाळ आणि भाजून खायची चेस्टनटची फळे असत, आणि जर्मन माणूस फारसा नसेच. ते गेल्यानंतर मी बटालियनचा इतिहास पाहिला तेव्हा उलगडा झाला. ही बटालियन ११ व्या भारतीय ब्रिगेडबरोबर लिबियातल्या टोब्रुकमध्ये होती, आणि २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडले तेव्हा ती पकडली गेली. पकडणारे रोमेलचे जर्मन होते, परंतु उत्तर आफ्रिकेत पकडलेले कैदी इटलीच्या ताब्यात देण्याची व्यवस्था होती. भारतीय कैद्यांची एक मोठी छावणी रोमच्या पूर्वेला डोंगराळ भागात आवेझ्झानो येथे होती. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने शरणागती जाहीर केली तेव्हा पहाऱ्यावरचे शिपाई निघून गेले आणि जर्मन पोहोचण्याआधी कितीतरी कैदी डोंगरात पळाले. आजोबांना हिवाळाभर ज्यांनी लपवले आणि आपल्यातली भाकर दिली ते मेंढपाळ इटालियन होते, म्हणजे कागदोपत्री काही आठवड्यांपूर्वीपर्यंत शत्रूच. ‘जर्मनीच्या कैदेत’ हे वाक्य पकडले जाण्याच्या दिवसापुरते खरे होते आणि पुढे ते सगळ्या काळावर पसरले.

आमच्याकडे त्यांच्या कैदेतल्या दिवसांचा एक पत्र्याचा डबा आहे, रेडक्रॉसच्या पार्सलमधून आलेला. आजी त्यात मोहरी ठेवत असे. झाकणावरचा लाल रंग आता फक्त कडेच्या वळणात, बोट पोहोचत नाही तिथे शिल्लक आहे. तो डबा नेमका कुठून आला हे आजोबांना एकदाच कोणीतरी विचारले होते, आणि आम्हाला जी गावांची नावे माहीत आहेत ती सगळी त्या एका संध्याकाळची आहेत. म्हणून वस्तू समोर ठेवून विचारावे असे मी सांगेन. ‘युद्धाचे काहीतरी सांगा’ म्हटले की म्हातारी माणसे गप्प बसतात. पदक हातात दिले की ते कोणी आणून दिले, कोण रडले, कोणी पेटीत ठेवले, हे आपोआप बाहेर येते.

तुमच्या वडिलांनी सांगितलेली बॉम्बची हकीगत टाकून देऊ नका. ती मोठ्या बाबांची नसली तरी कोणाची तरी असेल. गावातून त्याच सुमारास आणखी कोणी भरती झाले होते का, ते विचारून पाहा. दोन माणसांच्या बातम्या एकाच पारावर आल्या की पुढच्या पिढीत त्या एकमेकींत मिसळतात.

अमळनेरच्या ताई

मला पदकांतले काही कळत नाही, पण तुमच्या मोठ्या मायबद्दल तुम्ही जे लिहिले आहे त्यात एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे असे वाटते.

तिला दर महिन्याला पैसे येत होते. सैनिक हयात असून पगारातून घरी रक्कम पाठवत असेल तर ती युद्ध संपल्यावर बंद व्हायला हवी होती. तुम्ही लिहिता त्यावरून पैसे तिच्या अखेरपर्यंत येत होते. म्हणजे ते कुटुंब निवृत्तिवेतन होते, आणि सरकारने तिला सैनिकाची विधवा म्हणून मंजूर केल्याशिवाय ते सुरू झाले नसणार. ती त्याला पगार म्हणत राहिली हा तिचा निर्णय होता आणि त्याचा मान राखला पाहिजे. पण त्या पैशांमागे एक कागद होता. पेन्शनचे जुने पुस्तक, मंजुरीचा हुकूम, काहीतरी असणारच, आणि त्यावर सैनिकाचा क्रमांक आणि बहुतेक वेळा मृत्यूची नोंद असते. घरातल्या पुरुषांच्या फायलींत शोधू नका. तिची लोखंडी पेटी कोणाकडे गेली ते शोधा. अशा बायका सरकारी कागद लुगड्यांच्या घडीत किंवा कानबाई या आपल्याकडच्या देवीच्या पूजेच्या सामानात ठेवत, कारण तिथे दुसऱ्या कोणाचा हात जात नसे. तिथे काही मिळाले नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या विधवांना राज्य शासन मानधन देते, त्यासाठी तिच्या नावाने कोणी कधी अर्ज केला असेल तर कागदांच्या नकला तिथे जोडलेल्या असतील.

आत्यांशी बोलताना सन विचारू नका, तो त्यांना सांगता येणार नाही. त्यांना विचारा की पैसे पहिल्यांदा आले तेव्हा शेतात काय चालले होते, कापूस वेचणी होती की पेरणी, आजोबा तुरुंगात होते की सुटून आले होते, त्या स्वतः शाळेत जात होत्या का. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले, ती बातमी आपल्या भागात घरोघर पोहोचली होती. मोठ्या बाबांच्या बेपत्ता होण्याची बातमी त्याच्या आधीची की नंतरची, एवढे जरी घरात ऐकल्याचे त्यांना आठवले तरी काळ पुष्कळ आवळता येईल. आणि शक्य झाले तर आत्यांना पुरुषमंडळी नसताना बोलू द्या. तुमचे काका जिथे बसले असतील तिथे त्या आझाद हिंद सेनेच्या विरुद्ध काही बोलणार नाहीत.

सातपुडा

अमळनेरच्या ताईंनी शेवटी जे सूचित केले ते मला स्पष्ट लिहावेसे वाटते. माझ्याही घरात स्वातंत्र्यसैनिक होते, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

सिंगापूर पडले तेव्हा सुमारे चाळीस हजार भारतीय सैनिक शरण गेले. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांना फॅरर पार्कच्या मैदानात एकत्र करून जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले आणि तिथूनच पहिल्या आझाद हिंद सेनेची सुरुवात झाली. बरेच जण सामील झाले आणि बरेच झाले नाहीत. जे झाले नाहीत त्यांच्यापैकी हजारो जणांना जहाजांत कोंबून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनकडे कष्टाच्या कामाला नेले, आणि तिथे उपासमार, हिवताप व मारहाण यांत माणसे फार मोठ्या संख्येने गेली. जे झाले त्यांच्यापैकी कितीतरी इंफाळच्या वाटेवर अन्नावाचून पडले, आणि जे जगले त्यांची युद्धानंतर इंग्रजांनी निष्ठेनुसार पांढरे, करडे आणि काळे (सर्वांत कमी निष्ठेचे) अशी वर्गवारी करून काळ्यांना थकलेला पगारही न देता काढून टाकले.

१९४६ नंतर गावोगावच्या घरांना आपला माणूस आझाद हिंद सेनेत असावा असे वाटू लागले, हे अगदी स्वाभाविक होते. ज्या घरात एक भाऊ बेचाळीसच्या चळवळीत होता त्या घराला तर ते फार हवेसे वाटले असणार, कारण त्यामुळे दोन भावांमधले अंतर मिटते. तुमच्या काकांची आठवण अशा गरजेतून आली असेल किंवा खरीही असेल. पण कागद दुसरे काही सांगू लागला तर मोठ्या बाबांचे मोल कमी झाले असे घरात कोणी म्हणू नये. ते ड्रायव्हर म्हणून गेले कारण कर्ज असेल, पाऊस नसेल, हातात गाडीचे चाक धरण्याचा हुन्नर असेल. भारतीय सैन्याची संख्या १९३९ मध्ये दोन लाखांच्या आसपास होती, ती १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेली. त्या भरतीत खानदेशातून गेलेल्या पोरांनी इंग्रजांचे राज्य टिकावे म्हणून सही केली असे समजणे अन्यायाचे आहे. ताम्रपटाशेजारी त्यांची पदके लावायला कोणाची हरकत नसावी. आझाद हिंद सेनेचे नाव मात्र पुराव्याशिवाय त्यांना लावू नये, कारण जे खरोखर त्या सेनेत गेले त्यांच्या घरांनी त्याची किंमत मोजलेली आहे.

पांझराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आतापर्यंत जे कळले ते क्रमाने लिहितो.

ताऱ्यावर पॅसिफिक स्टार असे लिहिलेले आहे. पाठीमागची अक्षरे राखेने बरीच गेली आहेत, तरी सर्व्हिस कोअरची आद्याक्षरे आणि क्रमांकातले शेवटचे चार आकडे फोटोत स्पष्ट आले. ब्रह्मदेशाचा प्रश्न निकालात निघाला. वडिलांना हे सांगितले तेव्हा थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत, आणि मग म्हणाले की बॉम्बची गोष्ट खालच्या आळीतल्या एका घरची असेल, तिथलाही एक जण फौजेत होता. त्या घरची मंडळी आता सुरतेला असतात, त्यांना आम्ही निरोप पाठवला आहे.

मोठ्या मायची पेटी तिच्या माहेरी, भाच्याकडे निघाली. ताई, कागद तुम्ही म्हणालात तसाच होता, लुगड्यात नाही, पण परडीच्या तळाशी, लाल फडक्यात. त्याची एक बाजू कसरीने खाल्ली आहे. पूर्ण क्रमांक आहे, मोठ्या बाबांचे आणि तिचे नाव आहे, ‘युद्धकैदी असताना मृत्यू’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे आणि १९४४ हे साल आहे. दिवस आणि महिना कसरीच्या बाजूला गेला.

त्या पूर्ण क्रमांकावरून वॉर ग्रेव्हजच्या यादीतली नोंद सापडली. नावाचे स्पेलिंग असे आहे की नावावरून शोधून ती कधीच मिळाली नसती आणि गावाचे नावही अर्धेच आहे, पण क्रमांक, खाते, वडिलांचे नाव आणि पश्चिम खानदेश हे सगळे जुळते. त्यात मे १९४४ मधली तारीख आहे. स्मरणस्थान म्हणून सिंगापूर मेमोरिअल, क्रांजी असे आहे, जिथे थडगे नसलेल्या चोवीस हजारांहून अधिक जणांची नावे भिंतींवर कोरलेली आहेत. त्यात कैदेत मेलेले आहेत आणि कैदी म्हणून जहाजाने नेताना समुद्रात बुडालेलेही आहेत. आमचे मोठे बाबा यांतल्या कोणत्या वाटेने गेले हे या नोंदीवरून ठरत नाही, म्हणून बंगळुरूला पत्र पाठवले आहे.

काकांना कागद दाखवला. सैन्याने त्यांना युद्धकैदी म्हणून नोंदवले आणि पत्नीला पेन्शन दिले, यावरून ते आझाद हिंद सेनेत गेले नसावेत असे मी म्हणालो. ते त्यांना पटलेले नाही आणि मी वाद वाढवला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आझाद हिंद सेनेचे कागद आहेत, तिथे स्वतः जाऊन पाहायचे त्यांनी ठरवले आहे, आणि मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. घरच्या वहीत मी तिन्ही हकीगती सांगणाऱ्याच्या नावासह लिहिल्या आहेत आणि प्रत्येकीखाली आज उपलब्ध असलेला पुरावा लिहिला आहे.

आत्याने येत्या आखाजीला घागर भरायचे ठरवले आहे. मोठ्या बाबांची आणि मोठ्या मायची, दोन्ही शेजारी. वर डेरगे (मातीचे लहान भांडे), सांजोऱ्या, डांगर (खरबूज), आंबा, सगळे रीतीप्रमाणे. आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवावर घालायचा घास, माझ्या वडिलांनी टाकायची.

एक शेवटचे विचारायचे राहिले. यादीतले गावाचे अर्धे नाव आणि चुकलेले स्पेलिंग दुरुस्त करून घेता येते का?

गिरणाकाठ

येते. नोंदीत चूक आहे असे पुराव्यासह कळवल्यास कमिशन तपासून दुरुस्ती करते. पेन्शनच्या कागदाचा आणि पदकाच्या पाठीचा स्वच्छ फोटो, गावाचे आजचे पूर्ण नाव, तालुका आणि जिल्हा, आणि तुमचे त्यांच्याशी नाते, एवढे जोडा. नाव इंग्रजीत कसे लिहिले जावे ते घरात एकमताने ठरवून मगच पाठवा. कागद प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका, ओल धरतो. साध्या जाड कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा आणि त्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून तो तीन-चार घरांत वाटून ठेवा.

आणि खालच्या आळीतल्या त्या घरचा क्रमांक मिळाला तर इथेच कळवा. बर्मा स्टारवाले असतील तर रंगूनच्या मेमोरिअलची यादी मी पाहून देतो.